अंकाचं पान कशावर बांधायचं?

करंजाड्यातल्या आमच्या वाचक मंडळाचा अंक यंदापासून कागदावर निघणार नाही, संकेतस्थळावर निघणार आहे. छपाईचा आणि टपालाचा खर्च झेपेनासा झाला, एवढंच त्याचं कारण. पण यंदाचा मजकूर नेहमीसारखा नाही. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावांना आपली जागा सोडावी लागली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, वाघिवलीवाडा ही त्यांतली काही. यातली कितीतरी कुटुंबं आता करंजाड्याला लागून असलेल्या वडघरच्या पुनर्वसनाच्या भूखंडांवर राहतात. उलव्याची टेकडी फोडली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं, ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. या गावांची घरं, देवळं, खाजणं आता फक्त तिथल्या माणसांच्या बोलण्यात उरली आहेत. ते बोलणं आम्ही लिहून काढलं आहे आणि काहींचे आवाजही ध्वनिमुद्रित केले आहेत.

असा मजकूर ठेवायचा कुठे आणि कसा, यावर आमच्या घरात दोन टोकांची मतं पडली. माझा दादा पनवेलच्या एका छापखान्यात खिळे जुळवण्यापासून डीटीपीपर्यंत सगळं करून पुढे मराठी संकेतस्थळांची कामं करू लागला. माझी मुलगी मुंबईतल्या एका कंपनीत फ्रंट-एंडचं काम करते. या मामा-भाचीचं म्हणणं मी इथे मांडते आहे, कारण हा प्रश्न आमच्या एकट्याच्या मंडळाचा नाही.

भाची: मामा, मला तयार थीम नको. मी वेब कंपोनंटची लायब्ररी घेऊन अंक बांधणार. लेखाचं कार्ड, अनुक्रमणिका, आवाज ऐकायचा प्लेअर, शब्दार्थाची चौकट, प्रत्येकाचा स्वतःचा टॅग. एकदा तयार केला की कुठल्याही पानावर तो टॅग लिहायचा, झालं काम. आणि रूप हवं तसं बदलता येतं.

मामा: वर्डप्रेसमध्ये काय कमी आहे? २००३ पासून चालू आहे. जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चार त्यावर चालतात. २०१८ च्या डिसेंबरपासून त्यात ब्लॉक आलेत, तेही एकाखाली एक मांडले की पान तयार. तुझी आई उद्या स्वतः लेख चढवू शकेल. तुझ्या पद्धतीनं तिला एक शीर्षक बदलायचं झालं तरी तुला फोन करावा लागेल.

भाची: वर्डप्रेसचा ब्लॉक वर्डप्रेसमध्येच चालतो. रिअ‍ॅक्टचा कंपोनंट रिअ‍ॅक्टमध्येच. वेब कंपोनंट थेट ब्राउझरला कळतो, मधे कोणी लागत नाही. उद्या वर्डप्रेस घेतलं, परवा सोडलं, तरी माझा टॅग तसाच चालेल. टॅगच्या नावात एक जोडरेघ मात्र असलीच पाहिजे, म्हणजे पुढे एचटीएमएलमध्ये नवा टॅग आला तरी नावांची टक्कर होत नाही. पहिलं अक्षर रोमन लागतं, त्यापुढे देवनागरीसुद्धा चालते.

मामा: आणि 'रूप हवं तसं बदलता येतं' म्हणजे नक्की किती? त्या कंपोनंटच्या आत पानाचं रूप ठरवणारी बाहेरची सीएसएस जात नाही ना?

भाची: कंपोनंटचा आतला भाग वेगळा ठेवणारा शॅडो डॉम वापरला असेल तर जात नाही, आणि तोच त्याचा फायदा आहे. पानावर दुसरं काहीही लिहिलं तरी आतली मांडणी मोडत नाही. फाँट, अक्षराचा रंग अशा वारशानं येणाऱ्या गोष्टी आत जातात. बाकी बनवणाऱ्यानं जी व्हेरिएबल उघडी ठेवली असतील आणि ज्या भागांना नाव देऊन मोकळं ठेवलं असेल, तेवढं बदलायचं.

मामा: म्हणजे बदलायची मुभा बनवणाऱ्याच्या मर्जीवर.

भाची: चांगली लायब्ररी असेल तर ती मुभा भरपूर असते. आपल्याकडच्या, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरच्या इमारती बघ ना. सिडकोचे नियम सगळ्यांना सारखेच, चटईक्षेत्र ठरलेलं, सोडायची जागा ठरलेली. तरी एक इमारत दुसरीसारखी दिसत नाही. दहा गावांची दहा पानं मला तशी हवी आहेत. कंपोनंट एकच, पण व्हेरिएबल बदलून प्रत्येक गावाला स्वतःचा रंग, स्वतःचं चित्र.

ही उपमा दादाला पटली, कारण ते प्लॉट काही कोणी सहज हातावर ठेवले नव्हते. १९८४ च्या जासईच्या शेतकरी आंदोलनात माणसं गेली, तेव्हा पुढे शेतकऱ्याच्या हाती काही आलं. नियम आणि मोकळीक दोन्हींसाठी भांडावं लागतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण मुलीनं लॅपटॉपवर नमुन्याचं पान उघडून दाखवलं आणि चर्चेची दिशाच बदलली. दादा जन्मभर अक्षरं बघत आलेला माणूस. त्यानं रंग, चित्र काही पाहिलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून तो पडद्याजवळ गेला.

मामा: हे बटण बघ. 'सर्वांच्या आठवणी'. शिरोरेघ तुटली आहे.

भाची: कुठे?

मामा: प्रत्येक अक्षरानंतर बारीक फट आहे. 'आ', फट, 'ठ', फट, 'व'. देवनागरीत शब्दाची रेघ सलग असते. आणि 'र्वां'वरचा रफार आणि अनुस्वार वरून कापले गेलेत.

भाची: थांब, बघते… हो. लायब्ररीनं बटणाच्या अक्षरांत थोडं अंतर टाकलं आहे. रोमन अक्षरांना ते बरं दिसतं. आणि बटणाची उंची इंग्रजी अक्षराच्या मापानं बांधली आहे, वर आलेलं काही असेल तर झाकून टाकायचं असं आत लिहिलं आहे.

मामा: खाली 'पृष्ठ' बघ. 'पृ'चा ऋकार अर्धा गेला. मराठीच्या ओळीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. रफार, अनुस्वार, वेलांटी वर, उकार, ऋकार खाली. छापखान्यात आम्ही दोन ओळींमधे शिशाच्या पट्ट्या घालायचो त्या कशासाठी? ज्यानं ही लायब्ररी केली त्यानं मराठीचा एक शब्दही त्यात टाकून पाहिलेला नाही. आता सांग, हे तुला बाहेरून दुरुस्त करता येतं का?

भाची: अंतराचं व्हेरिएबल उघडं आहे, ते शून्य केलं. हे बघ, रेघ जुळली. उंचीचंही आहे. पण झाकायचं कलम आत आहे, त्या भागाला नाव दिलेलं नाही. ते बाहेरून हलत नाही.

मामा: मग? सगळ्या अंकात कापलेले रफार?

भाची: नाही. हे बटण मी लायब्ररीतून घेणार नाही. साधं बटण स्वतः लिहीन.

इथे मला दोघांचाही अभिमान वाटला. दादानं दोष नेमका दाखवला आणि मुलीनं लायब्ररीची बाजू घेत बसण्याऐवजी तो मान्य केला. कोणाला हा बारकावा क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. वाघिवलीच्या म्हातारीनं सांगितलेली गोष्ट तुटक्या रेघेत आणि छाटलेल्या अनुस्वारात छापायची, तर आपण ती जपली असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

त्यानंतर दोघं मिळूनच शोधू लागले. पानाच्या सगळ्यात वरच्या टॅगमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली होती, नमुन्याच्या फायलीतून तशीच आलेली. तिथे मराठीचा कोड लिहिल्याबरोबर 'ल' आणि 'श' बदलले, हिंदी वळणाचे होते ते मराठी वळणाचे झाले. ज्या फाँटमध्ये मराठी रूपं दिलेली असतात, त्यात ब्राउझर भाषा बघून ती निवडतो. ही भाषेची नोंद कंपोनंटच्या आतही पोहोचते. दृष्टी नसलेल्या वाचकासाठी तर ती फारच महत्त्वाची आहे, कारण पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या नोंदीवरून मराठी आवाज निवडतं. तारखेच्या कंपोनंटनं मराठी म्हटल्यावर आपणहून देवनागरी आकडे दिले. हे ब्राउझरमध्येच बांधलेलं आहे, लायब्ररीला त्यासाठी काही करावं लागत नाही. दादाला ते ठाऊक नव्हतं. तो खूश झाला. पण वाद संपला नव्हता.

मामा: दिसण्याचं सोड. तुझी लायब्ररी किती वर्षं जगेल?

भाची: लायब्ररी मेली तरी मानक राहतं.

मामा: मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे, ती ऐक. नव्वदच्या दशकात मराठी वेबवर आली ती फाँटच्या जिवावर. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, शिवाजी, किरण, शुषा. प्रत्येकानं देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीनं बसवले. एकाच्या 'क'च्या जागी दुसऱ्याचा 'ट'. दिसायला सुंदर. वृत्तपत्रांची संकेतस्थळं पानाबरोबर स्वतःचा फाँट पाठवायची. एका ब्राउझरला एका तऱ्हेची फाइल, दुसऱ्याला दुसऱ्या तऱ्हेची. मी स्वतः अशी पानं केली. मग ब्राउझर बदलले, ती सोय गेली, आणि ती पानं उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. बातम्या, अग्रलेख, कविता, सगळं तिथेच आहे आणि वाचता काहीच येत नाही. शोधायला गेलं तर सापडतही नाही.

भाची: पण मामा, हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती. र. कृ. जोशींचा मंगल फाँट विंडोज २००० बरोबर घरोघरी आला. ज्यांनी तेव्हा मानक धरलं, त्यांचा मजकूर आजही वाचता येतो. मी तेच म्हणते आहे, वर्डप्रेसची पद्धत किंवा एखाद्या कंपनीची पद्धत धरण्यापेक्षा ब्राउझरचं मानक धरू या.

मामा: आणि तुझं मानक कधी ठरलं? अ‍ॅलेक्स रसेलनं २०११ मध्ये वेब कंपोनंटची कल्पना मांडली. २०१३ मध्ये गूगलनं पॉलिमर ही लायब्ररी आणली. लोकांनी त्यावर कामं उभी केली. पण ती पहिली आवृत्ती बाकीच्या ब्राउझरांनी मानली नाही. शेवटी २०२० च्या फेब्रुवारीत खुद्द क्रोमनंच ती बंद केली. कंपोनंटच्या फायली आणायची एचटीएमएल इम्पोर्टची सोय होती, तीही त्याच वेळी गेली. ज्यांनी २०१४ मध्ये 'हेच मानक' म्हणून घरं बांधली, त्यांना पुन्हा पाया खणावा लागला.

भाची: ते खरं आहे. ती कच्ची आवृत्ती होती आणि एकाच कंपनीची होती. आताची सगळ्यांनी बसून ठरवलेली आहे. क्रोममध्ये २०१६ ला आली, सफारीत २०१७ ला, फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०१८ ला, आणि एजमध्ये जानेवारी २०२० ला. गिटहब तिच्यावर चालतं, अडोबीचं वेबवरचं फोटोशॉप तिच्यावर चालतं. ही आता मागे जाणार नाही.

मामा: मानक नाही जाणार. पण लायब्ररी म्हणजे मानक नव्हे. पॉलिमरचं लिट झालं. शूलेसचं वेब ऑसम झालं. दर तीन-चार वर्षांनी नाव बदलतं, टॅग बदलतात. पुनर्वसनातल्या एखाद्या घरातल्या नातवाला २०४५ मध्ये आजीचं बोलणं वाचायचं असेल, तेव्हा तुझा तो टॅग उघडेल का, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझ्या मते सगळ्या चर्चेत हाच प्रश्न खरा होता. दादानं तो विचारला, पण त्याच्या वर्डप्रेसपाशीही त्याचं उत्तर नव्हतं. दर वर्षी सर्व्हरचं भाडं, प्लगइनची दुरुस्ती, पासवर्ड सांभाळणारा माणूस, यांतलं एक चुकलं की तोही अंक बंद. कोणाच्या तरी फुकटच्या जागेत राहायचं म्हटलं तर जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. तिथे लिहिलेलं मराठीही त्यांच्याबरोबर गेलं. उलट मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६ पासून आजपर्यंत चालू आहे, कारण ते चालवणाऱ्या माणसांनी मधल्या काळात तंत्रं बदलली तरी मजकूर आपल्या हातात ठेवला.

उत्तर शेवटी एका छोट्या टॅगमधून निघालं. आमच्या मजकुरात आगरी बोलण्यातले आणि खारजमिनीचे पुष्कळ शब्द आहेत. मुलीला त्यांच्यासाठी शब्दार्थाचा कंपोनंट करायचा होता, शब्दाला बोट लावलं की अर्थ उघडेल असा.

मामा: समजा नेट हळू आहे, तुझी जावास्क्रिप्ट आलीच नाही. मग काय दिसेल?

भाची: आत्ता लिहिलं आहे त्यात… काहीच नाही. शब्दाची जागा रिकामी.

मामा: असं किती जणांचं होतं?

भाची: ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा विभागानं २०१३ मध्ये मोजलं होतं. १.१ टक्का भेटींत जावास्क्रिप्ट पोहोचली नव्हती, आणि त्यात मुद्दाम बंद ठेवणारे थोडेच होते. बहुतेकांकडे ती वाटेतच कुठेतरी अडकली.

मामा: शंभरात एक. आणि २०४५ मध्ये कदाचित शंभरात शंभर.

भाची: मग मी उलट करते. शब्द आणि अर्थ दोन्ही टॅगच्या आत साध्या मजकुरात लिहायचे, अर्थ कंसात. 'उघाडी (खारबांधातलं पाणी सोडायचं दार)', असं. जावास्क्रिप्ट आली तर कंपोनंट तो कंस मिटून घेईल आणि बोट लावल्यावर उघडेल. नाही आली तर वाक्य जसंच्या तसं, कंसासकट वाचता येईल. ब्राउझरला टॅग ओळखीचा नसला तरी तो आतला मजकूर दाखवतोच, टाकून देत नाही. गिटहबचा तारखेचा टॅग असाच आहे. आत पूर्ण तारीख लिहिलेली असते, वरून तो 'तीन दिवसांपूर्वी' असं दाखवतो.

मामा: हे मला मान्य आहे. हे सगळ्या कंपोनंटना लाव.

मग ती यादी घेऊन बसली आणि एकेक कंपोनंट तपासत गेली. उघडझाप करणारी चौकट? एचटीएमएलमध्ये त्यासाठी टॅग आहे, लायब्ररी नको. आवाजाचा प्लेअर? तोही ब्राउझरचा स्वतःचा आहे. पानावर वर येणारी खिडकी? २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत तीही तयार मिळते. लेखाचं कार्ड म्हणजे शीर्षक, लेखकाचं नाव आणि दोन ओळी, त्याला सीएसएस पुरते. लायब्ररीतून घ्यावं असं उरलं ते एकच, दहा गावांतून एखादं गाव निवडून तिथल्याच आठवणी दाखवणारी पट्टी. ती निकामी झाली तर दहाही गावं एकाखाली एक दिसतील, वाचकाचं काही अडणार नाही. शब्दार्थाचा टॅग तिनं स्वतः लिहिला, कुठल्याही लायब्ररीशिवाय, आणि शॅडो डॉम न वापरता, म्हणजे पुढे कोणालाही तो नेहमीच्या सीएसएसनं सजवता येईल.

मामा: आणि तुझ्या आईनं लेख चढवायचा कसा?

भाची: प्रत्येक लेख एक साधी मजकुराची फाइल, युनिकोडमध्ये. वर शीर्षक, गाव, सांगणाऱ्याचं नाव, खाली मजकूर. आई ती कशातही लिहू शकते. फाइल फोल्डरमध्ये ठेवली की पान आपोआप बनेल. बनलेलं पान साधं एचटीएमएल. सर्व्हरवर डेटाबेस नाही, प्लगइन नाही. अख्खा अंक पेनड्राइव्हवर घालून वडघरच्या कुठल्याही घरी देता येईल, नेट नसलं तरी उघडेल.

मामा: तू परदेशी गेलीस तर?

भाची: फायली राहतील. दुसरं कोणी दुसऱ्या पद्धतीनं पानं बनवेल.

संपादक म्हणून माझा निर्णय दोघांपैकी एकाच्या बाजूचा नाही, पण तो मधलाही नाही. वर्डप्रेस घेणार नाही आणि लायब्ररीच्या भरवशावर अंक उभा करणार नाही. वेब कंपोनंट मला आवडले, ते वापरायचे. मात्र जो कंपोनंट काढून टाकल्यावर मजकुराचं एक अक्षरही हरवतं, तो आमच्या अंकात येणार नाही. आणि जो कंपोनंट 'र्वां', 'पृ' आणि 'ऱ्हा' नीट दाखवत नाही, तो कितीही देखणा असला तरी परत पाठवायचा. दादानं या तीन अक्षरांबरोबर आणखी काही जोडाक्षरं घालून चाचणीचं एक पान केलं आहे. 'ॲ'सुद्धा त्यात आहे, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं आणि काही जुन्या फाँटमध्ये अजून नाही. नवा कंपोनंट आधी त्या पानावरून जाईल, मग अंकात येईल.

ज्यांच्या मंडळाचे, शाळेचे, ग्रामपंचायतीचे जुने अंक श्रीलिपीत किंवा आकृतीत एखाद्या सीडीवर पडून आहेत, त्यांना माझी विनंती आहे. संकेतस्थळ कोणतं, लायब्ररी कोणती, हे नंतर ठरवा. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये आणा, एकदा डोळ्यांखालून घाला आणि साध्या फायलींत दोन-तीन ठिकाणी ठेवा. जुने फाँट ओळखणारी आणि बदलून देणारी माणसं, ज्यांनी ते स्वतः वापरले, अजून आपल्यात आहेत. हे काम त्यांच्याकडून आत्ताच करून घ्या.